समुद्री माशाचं पोट बिघडलं तर: औषधाच्या आधी काय पाहावं

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांनी आमच्याकडून खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मासा आजारी दिसला की बहुतेक जण पहिला फोन 'कोणतं औषध टाकू?' असं विचारायलाच करतात. आमचं म्हणणं असं, की पोटाच्या दुखण्यात आधी माशाची विष्ठा पाहा, मग पाणी तपासा, मग खाणं आठवा. औषधाची पाळी त्यानंतरची, आणि पुष्कळदा ती येतच नाही.

समुद्री माशाचं आतडं दोन कामं करतं

गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, त्यामुळे तो पाणी फारसं पीत नाही. समुद्री माशाचं उलट आहे. त्याच्या रक्तातले क्षार भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर जात राहतं आणि ते भरून काढायला त्याला दिवसभर खारं पाणी प्यावं लागतं. प्यायलेलं पाणी आतडं शोषून घेतं आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांमधून बाहेर टाकलं जातं. म्हणून आतडं सुजलं की माशाचं पचन बिघडतं आणि त्याची तहानही भागत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा मासा एकदम खंगतो, त्यामागे हे एक कारण असतं. गोल्डफिशसारखं 'बघू आठवडाभर' इथे करू नका.

विष्ठा कशी पाहायची

सकाळचं खाणं झाल्यावर थोडा वेळ टाकीसमोर बसा. निरोगी माशाची विष्ठा त्याच्या खाण्याच्या रंगाची असते, तुकड्यांनी पडते आणि लवकर विस्कटते. शेवाळ खाणाऱ्या टँग माशाची हिरवट-काळी, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाणाऱ्या क्लाऊनफिशची तपकिरी.

पांढरा, दोऱ्यासारखा, मागे लोंबत राहणारा धागा दिसला तर लक्ष द्या, पण घाबरून जाऊ नका. मासा एक-दोन दिवस नीट जेवला नसेल तरी रिकाम्या आतड्यातला चिकट स्राव असाच बाहेर पडतो. हाच धागा तीन-चार दिवस दिसत राहिला, मासा खातोय आणि तरी डोक्यामागचा भाग व पोट आत गेलंय, तर आतड्यात परजीवी असण्याची शक्यता मोठी. ते डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव असतील किंवा कृमी असतील. नेमकं कोणतं, हे ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं.

पोट फुगलंय

सगळी फुगलेली पोटं एकच नसतात. खवले उभे राहून मासा अननसासारखा दिसत असेल तर तो बद्धकोष्ठ नाही. शरीरात पाणी साठलं आहे आणि मूत्रपिंडासारखं आतलं अवयव निकामी होत असावं. त्याला घरगुती उपाय नाही, लगेच संपर्क करा. क्लाऊनफिशच्या जोडीतली मोठी मादी अंड्यांमुळेही फुगते. ती हिंडतेय, खातेय, तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

बद्धकोष्ठाचा मासा सुस्त असतो, विष्ठा टाकत नाही, खाणं तोंडात घेऊन थुंकतो. कारण बहुधा कोरडं खाणं. फ्रीझ-ड्राय तुकडे आणि पेलेट पोटात गेल्यावर फुगतात, म्हणून देण्याआधी टाकीच्याच पाण्यात दहा मिनिटं भिजवा. त्रास दिसला की मोठ्या क्लाऊन किंवा डॅमसेलला एक दिवस उपास चालतो. टँगचं मांसाहारी खाणं बंद करा, पण शेवाळ चालू ठेवा. समुद्रघोड्याला उपास अजिबात घडवू नका. त्याला जठरच नसतं, खाल्लेलं झपाट्याने पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा थोडं थोडं लागतं.

उपासाने फरक पडला नाही तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. समुद्री मासा पाणी पितो, त्यामुळे हे पाण्यातून थेट त्याच्या आतड्यापर्यंत पोचतं. वेगळ्या छोट्या टाकीत २० लिटरला एक टेबलस्पून, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, आधी थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. यापुढे जाऊ नका. दोन-तीन दिवसांत पोट उतरलं नाही तर पाणी बदला आणि आम्हाला सांगा. प्रवाळ असलेल्या मोठ्या टाकीत हे टाकू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे कपाशीच्या लाल्यासाठी आणि केळीसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी बऱ्याच घरांत असते. नाव तेच असलं तरी ते शेतीच्या दर्जाचं आहे, त्यात काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. माशासाठी मेडिकलमधून शुद्ध प्रतीचं साधं एप्सम सॉल्ट घ्या. रंग किंवा सुगंध घातलेलं नको.

मासा खातो, पण अंगाला लागत नाही

'भाऊ, मासा खास, पन अंगले लागत नही' असं धुळ्या-साक्रीकडचे ग्राहक सांगतात, तेव्हा आम्ही आधी विचारतो की मासा किती दिवसांपूर्वी आणलाय. नवा असेल तर परजीवींबरोबर दुसरीही शंका घ्यावी लागते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही प्रवाळातले मासे सोडियम सायनाईड मारून पकडले गेले आहेत. असा मासा जिवंत पोचला तरी आतून दुखावलेला असू शकतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून नवा मासा घेताना दुकानात त्याला खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नका, आमच्याकडूनही नाही. घरी आणल्यावर चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

ही वेगळी टाकी ४०-५० लिटरची पुरते. स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नको, म्हणजे विष्ठा दिसते. नव्या टाकीत अमोनिया पटकन वाढतो, आणि समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तो जास्त विषारी ठरतो. रोज अमोनिया तपासा आणि गरजेप्रमाणे चौथा हिस्सा पाणी बदला.

परजीवींचा संशय पक्का झाला तर औषध खाण्यातूनच जायला हवं. एकपेशीय जीवांवर मेट्रोनिडाझोल, पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल, गोलकृमींवर फेनबेंडाझोल वापरतात. मात्रा माशाच्या वजनावरून पशुवैद्यक ठरवतात. घरातली माणसांची गोळी अंदाजाने चुरून घालू नका, आणि तीन औषधं एकदम तर नकोच. फेनबेंडाझोल मोठ्या टाकीत गेलं तर काही प्रवाळ आणि नळीतले किडे मरतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध मायसिसमध्ये कालवून, जिलेटिनने बांधून कसं खाऊ घालायचं ते आम्ही दुकानात करून दाखवतो. मासा खायचा थांबण्याआधी या. तोंड मिटलं की उपाय फार कमी उरतात. लसणाच्या रसाने काही माशांना खाण्याची वासना होते, तेवढाच त्याचा उपयोग धरा. परजीवी त्याने जात नाहीत.

आपल्याकडचा उन्हाळा आणि फ्रीजर

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर चढतं. समुद्री टाकीला २५ ते २७ हवं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, माशाची भूक मंदावते आणि उरलेलं खाणं लवकर कुजतं. या दिवसांत खाणं कमी करा. पाणी उडून खारटपणा वाढतो. घनता १.०२५ वर ठेवण्यासाठी भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. बोअरचं पाणी मुळीच नको.

लाइट जाण्याचा फटका खाण्यालाही बसतो. फ्रोझन मायसिस एकदा वितळून पुन्हा गोठलं की ते खराब झालं समजा. वड्यांचा चौकोनी आकार मोडून ती एकत्र चिकटलेली दिसली किंवा वास आला, तर पाकीट फेकून द्या. पैशाचा विचार करू नका. म्हणूनच आम्ही उन्हाळ्यात महिनाभराचं मोठं पाकीट घ्या असा आग्रह धरत नाही.

बाजारातली खारवलेली सुकट किंवा जवळा माशांना घालू नये. लायनफिशला तापीतले छोटे मासे किंवा जिवंत गोल्डफिश रोज देणंही वाईट. त्यांतली चरबी समुद्री माशाला मानवत नाही, आणि गोल्डफिशसारख्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. ताजी कोळंबी स्वच्छ धुऊन, बारीक कापून दिली तर चालते. टँगसाठी बिनमिठाची, बिनतेलाची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) रोज क्लिपला लावून ठेवा. ती संपली तर दोन दिवस वाफवलेला पालक चालेल, कायमचा नाही.

आखाजीला घर बंद करून गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊ नका. रोजची एक अशा पुड्या बांधून, तारीख घालून द्या. कानबाईला घर पाहुण्यांनी भरतं तेव्हाही डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. या सणांनंतर फुगलेल्या पोटांच्या तक्रारी नेहमी वाढतात.

दुकानात येताना

आजारी मासा पिशवीत घालून उन्हात आणू नका. स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर टाकीचं पाणी, खाण्याचं पाकीट आणि मासा खाताना व विष्ठा टाकताना मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ आणा. विष्ठा ड्रॉपरने उचलून टाकीच्याच पाण्यात, छोट्या डबीत घेता आली तर फारच चांगलं. ती शिळी होण्याआधी थेट पशुवैद्यकांकडे न्या. पाण्याची तपासणी आम्ही विनामूल्य करून देतो, मासा आमच्याकडून घेतलेला नसला तरी.