ठळक सेरिफ : बोल्डचं बटण दाबण्यापूर्वी

बोधचिन्ह, मथळा किंवा मुखपृष्ठ करून घ्यायला येणारे ग्राहक आम्हाला पुष्कळदा सांगतात, "अक्षर जुन्या वळणाचं, भारदस्त हवं, पण ठळक." मागणी रास्त आहे. मात्र सोबतच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा साधं सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना छोटे पाय असलेलं अक्षर, घेऊन बोल्डचं बटण दाबलेलं असतं, आणि अक्षर भारदस्त होण्याऐवजी सुजलेलं दिसतं. असं का होतं ते कळलं की फॉन्ट निवडणं सोपं जातं.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाला काढलेला छोटा पाय. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर, इ.स. 113 च्या शिलालेखात, तो अगदी रेखीव दिसतो. ठळक अक्षर मात्र त्या मानाने फार नवं. छपाईच्या पहिल्या काही शतकांत जोर द्यायचा तर कॅपिटल अक्षरं, इटालिक म्हणजे तिरकी अक्षरं, लाल शाई किंवा मोठे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) वापरत. जाडजूड सेरिफ आलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये, भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातींसाठी. तिथल्याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या, रॉबर्ट बेस्ली यांनी 1845 साली 'क्लॅरेंडन' हे अक्षर नोंदवलं. त्याचे पंच, म्हणजे अक्षराचे पोलादी ठसे, बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. साध्या मजकुराच्या ओळीतच बसेल असं हे ठळक अक्षर होतं. शब्दकोशात मूळ शब्द ठळक आणि अर्थ साधा, ही मांडणी अशाच अक्षरांमुळे रुळली. नोंदणीचं संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपल्यावर इतर फाउंड्र्यांनी भराभर नकला काढल्या, यावरून गरज किती होती ते कळावं.

आता घडणीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. रेषा जाड करायची तर ती जागा कुठून घेणार? उभ्या रेषेला बाजूला पसरता येतं, अक्षर थोडं रुंद होतं, एवढंच. पण इंग्रजी छोट्या लिपीतला 'ई' (e) किंवा 'ए' (a) घ्या. त्यात एकावर एक तीन आडव्या रेषा येतात आणि उंची ठरलेली असते. तिन्ही सारख्याच जाड केल्या तर अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. म्हणून अक्षरकार आडव्या रेषा बेताने आणि उभ्या रेषा मोकळ्या हाताने वाढवतो. शिवाय सारख्याच मापाची आडवी रेषा डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते, तेही हिशेबात धरावं लागतं. 'डब्ल्यू'च्या चार तिरक्या रेषा सगळ्या पूर्ण जाडीच्या ठेवल्या तर खालच्या कोपऱ्यांत काळे डाग दिसतात, म्हणून त्या तिथे निमुळत्या करतात. सेरिफसुद्धा नव्याने काढावे लागतात. जाड खांबाखाली, म्हणजे उभ्या रेषेखाली, जुना बारीक पाय तसाच ठेवला तर तो तुटका वाटतो.

खरा बोल्ड फॉन्ट बसवलेला नसला की सॉफ्टवेअर यातलं काहीच करत नाही. ते अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्या फुगवतं. नाजूक रेषा आणि जाड रेषा यांच्यातला फरक, म्हणजे त्या अक्षराचा चेहराच, पुसला जातो. ओळखायचं असेल तर छोट्या 'ई'चं पोट आणि सेरिफ जिथे खांबाला मिळतो तो सांधा मोठा करून पाहा. पोट बुजलेलं आणि सांधा गुठळीसारखा दिसला, तर तो खोटा बोल्ड आहे.

सगळे ठळक सेरिफ एका स्वभावाचे नसतात. 1922 साली शिकागोत ओझवल्ड कूपर यांनी केलेल्या 'कूपर ब्लॅक'चे कोपरे गोल आहेत. ते अक्षर प्रेमळ वाटतं, खेळण्याच्या खोक्यावर शोभतं. वकिली किंवा हिशेबतपासणीच्या कामाला आम्ही ते सुचवणार नाही. तिथे ताठ खांबाचं, स्पष्ट सेरिफचं अक्षर हवं.

वापराबद्दल आमचं मत ठाम आहे: ठळक सेरिफ मोठं वापरा आणि थोडं वापरा. नाव, मथळा, प्रकरणाचा आकडा, दुरून वाचायचा फलक ही त्याची जागा. अख्खा परिच्छेद ठळक केला की जोर कशावरच राहत नाही आणि डोळे थकतात. मोठ्या आकारात अक्षरांमधलं अंतर किंचित कमी करा; सगळी कॅपिटल असतील तर उलट थोडं वाढवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर छापायचं असेल तर फार नाजूक रेषांचा फॉन्ट टाळा, कारण आजूबाजूची शाई पसरून त्या रेषा गिळते. खरखरीत कागदावर हे जास्तच होतं.

शेजारी मराठी मजकूर असेल तर दोन्ही फॉन्टचा वजनाचा, म्हणजे रेषेच्या जाडीचा, आकडा 700 (बोल्ड) आहे म्हणून जोडी जमली असं समजू नका. शिरोरेखा आणि जोडाक्षरं यांमुळे देवनागरी शब्द लवकर काळा दिसू लागतो. आम्ही अशा वेळी देवनागरीचं एक पायरी हलकं वजन लावून बघतो आणि डोळ्यांना विचारून ठरवतो.

काम देताना मजकूर, छपाईचा प्रत्यक्ष आकार, कागद आणि मजकूर किती अंतरावरून वाचला जाणार, एवढं कळवा. फॉन्ट तुमच्याकडचा असेल तर त्याचा परवाना छपाईपुरता आहे की संकेतस्थळासाठीही, हेही पाहून ठेवा. प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, आम्ही प्रत्यक्ष आकारातच देतो. ते भिंतीला लावा, त्या अंतरावर जाऊन उभे राहा आणि मगच होकार द्या.