किशोरवयातला फिटनेस आणि बुद्धी

अंगातला दमसास आणि डोक्याचं काम, म्हणजे लक्ष लागणं, वाचलेलं आठवणं, स्वतःला आवरणं, विचार करून ठरवणं, या दोन्हींचा साधारण १० ते १९ या वयात एकमेकांशी काय संबंध असतो यावर गेली वीस-पंचवीस वर्षं जगभर बरंच संशोधन चाललंय. इथे फिटनेस म्हणजे बारीक असणं नाही आणि जिममधले डोलेशोलेही नाहीत, तर हृदय, फुप्फुसं आणि स्नायू मिळून किती वेळ काम रेटू शकतात ते, ज्याला आपण सरळ स्टॅमिना म्हणतो. सडपातळ पोराला दोन जिने चढून धाप लागते आणि अंगानं भरलेली पोरगी कबड्डीत शेवटपर्यंत टिकते असं कुठल्याही शाळेत दिसतं, त्यामुळे वजनकाटा बघून फिटनेस ठरवायला जाऊच नये.

स्टॅमिना मोजायची बरीच वापरात असलेली पद्धत म्हणजे बीप टेस्ट, कॅनडातल्या ल्यूक लेजे यांनी १९८०च्या दशकात रुळवलेली. २० मीटर अंतरावर दोन रेघा मारायच्या, बीप वाजला की या रेघेवरून निघायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत त्या रेघेवर पाय टेकवून परत फिरायचं. सुरुवात ताशी ८.५ किमीनं होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किमीनं वाढत जातो, त्यामुळे पहिली दोन मिनिटं गप्पा मारत पळणारी मुलं हळूहळू गप्प होतात, मग वळताना पाय जड पडायला लागतात आणि एकेक जण बाजूला होतो. आपल्याकडे खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत मोठ्या मुलांना ६०० मीटर धावायला किंवा चालायला लावतात.

डोक्याच्या चाचण्या दिसायला अगदी साध्या असतात. स्क्रीनवर पाच बाण येतात, मधला कुठे वळलाय तेवढंच बघून बटण दाबायचं, पण बाजूचे चार बऱ्याचदा मुद्दाम उलटीकडे वळवलेले असतात. हात चुकीच्या बटणाकडे जात असतो आणि तो थांबवायचा असतो, हीच खरी परीक्षा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या टीमला २००९ मध्ये दिसलं की २० मिनिटं ट्रेडमिलवर चालून आलेली मुलं अशा चाचणीत कमी चुकतात. ती मुलं नऊ-दहा वर्षांची होती, म्हणजे किशोरवयाच्या उंबरठ्यावरची, हे लक्षात ठेवलेलं बरं.

या विषयातला सगळ्यात मोठा पुरावा मात्र स्वीडनचा. तिथे १८ व्या वर्षाच्या आसपास मुलांची सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तपासणी व्हायची, सायकलवर दम मोजायचे, ताकद मोजायचे आणि बुद्धिमत्तेची चाचणीही घ्यायचे. १९५० ते १९७६ मध्ये जन्मलेल्या १२ लाखांहून जास्त मुलांच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा दम चांगला त्यांचे बुद्धीचे गुणही जास्त, पण नुसत्या स्नायूंच्या ताकदीचा तसा संबंध निघाला नाही. जुळ्या भावांची तुलना केल्यावर हा संबंध आनुवंशिकतेपेक्षा वातावरणामुळे जास्त असल्याचं दिसलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: १५ ते १८ या वर्षांत ज्यांचा फिटनेस सुधारला त्यांना बुद्धीच्या चाचणीतही जास्त गुण होते. आणि आपल्याकडे नेमक्या याच वर्षांत मुलांचं ग्राउंड बंद होतं!

असं का होत असावं? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी तो सुमारे २० टक्के ऑक्सिजन खातो, त्यामुळे रक्तपुरवठा सुधारला की त्याचा फायदा त्याला मिळतो. व्यायामानं मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते पेशींची वाढ आणि जोडणी यांना मदत करतं. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी पक्क्या करणाऱ्या भागात, जास्त नव्या पेशी तयार होतात हे १९९९ मध्येच दिसलं होतं. शिवाय कपाळामागचा, स्वतःला आवरणारा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

पण म्हणून पळालं की मार्क वाढले, असं सांगणं चुकीचं आहे. स्वीडनचा अभ्यास फक्त मुलग्यांचा आणि तोही नोंदींवरचा, कारण आणि परिणाम तो ठामपणे सिद्ध करत नाही. इंग्लंडमध्ये फिट टू स्टडी नावाचा मोठा शालेय प्रयोग झाला, पीटीच्या तासात जोरदार व्यायाम घालून वर्षभर बघितलं, तर ना फिटनेसमध्ये ठळक फरक पडला ना डोक्याच्या चाचण्यांत. पीटीच्या तासात थोडा व्यायाम वाढवला की दम वाढतोच असं नाही, एवढं तरी त्यातून कळतं. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल सांगते आणि २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढीही करत नव्हती, मुलींमध्ये तर हे प्रमाण ८५ टक्के.

महाराष्ट्रात याचं कारण शोधायला लांब जायला नको. नववी संपली की सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी परत क्लास, आणि पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला. बोर्डाचे खेळाचे वाढीव गुण स्पर्धांमध्ये चमकलेल्यांनाच मिळतात, बाकीच्या वर्गाचा दम कोणी बघतच नाही. खरं तर खो-खोसारखा खेळ हाताशी आहे, ज्यात एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले आठ जण, मधली पट्टी ओलांडायची नाही, मागे फिरायचं नाही आणि खो कधी द्यायचा ते पळता पळता ठरवायचं, म्हणजे दम आणि डोकं दोन्ही एकदम लागतं. त्याला पैसाही फारसा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावीच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की थोडं पळून धाप लागते, वर्गात डोळे मिटतात, आणि घरचे म्हणतात की आळशी आहे. अशा मुलीला आधी पळायला लावण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते, ती जेवणानंतर घ्यावी आणि लगेच वर चहा पिऊ नये, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.