प्लास्टिकचा कॅमेरा आणि नागपूरचं ऊन

आमच्या दुकानातून होल्गा किंवा जुना क्लिक थ्री (दोन्ही रोलवर चालणारे साधे कॅमेरे) किंवा इन्स्टॅक्स (फोटो लगेच छापून बाहेर देणारा कॅमेरा) नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. पहिला रोल भरण्याआधी नक्की वाचा. रोल महाग असतो आणि पहिल्या रोलमधल्या चुका बहुतेकांच्या सारख्याच असतात.

फोनमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हा कशाला, असं दुकानात रोज कुणीतरी विचारतं. फोन तुम्हाला चुकूच देत नाही. तो सावली उजळतो, चेहरा शोधतो, त्वचा गुळगुळीत करतो. होल्गाला यातलं काहीच येत नाही. १९८२ साली हाँगकाँगमध्ये साध्या कुटुंबांना परवडणारा कॅमेरा म्हणून तो निघाला. एकच प्लास्टिकचं भिंग, त्यामुळे फोटो मध्ये स्वच्छ, कोपऱ्यांत मऊ आणि काळसर. त्यात झाकणाच्या फटीतून ऊन शिरतं, आणि ते कुठे उमटेल हे रोल धुतल्यावरच कळतं. आम्हाला स्वतःला हेच आवडतं.

घरच्या ट्रंकेत आजोबांचा आग्फा क्लिक थ्री असेल तर नवा कॅमेरा घेऊ नका, तोच घेऊन या. बडोद्यात बनलेल्या या कॅमेऱ्याला लागणारा १२० चा (म्हणजे रुंद आकाराचा) रोल आजही मिळतो आणि त्यावर १२ चौकोनी फोटो येतात. लग्नाचे फोटो मात्र यातल्या कशावरही सोडू नका.

अशा कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागतो. होल्गाचा शटर साधारण १/१०० सेकंदाचा आणि उजेड आत घेणारं छिद्र लहान, त्यामुळे ट्यूबलाइटमध्ये काही येणार नाही. हिवाळ्यातल्या सकाळी फुटाळा तलावावर किंवा दुपारी इतवारीच्या गल्लीत ४०० चा रोल (हा आकडा आकाराचा नाही, रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा) छान चालतो. भिंगाभोवतीची चित्रं अंतर सांगतात: एक माणूस म्हणजे १ मीटर, डोंगर म्हणजे लांबचं. खालचा खटका ‘एन’वर (नेहमीचा शटर) आहे ना, तेही बघा, तो चुकून ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडा) गेला की सगळे फोटो हलतात.

फोटो काढल्यावर रोल पुढे सरकवायला विसरलात तर होल्गा अडवत नाही, त्याच जागी दुसरा फोटो घेतो. आमच्या एका ग्राहकाच्या निगेटिव्हवर काळी आणि पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारे पुतळे) अशीच एकावर एक आली. त्या मिरवणुकीचा इतका सुंदर फोटो आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

आता उन्हाळ्याचं. ऊन फोटोला हवं, पण त्याच उन्हाची धग रोलला सोसत नाही. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गाडीच्या डिकीत एक दुपार राहिलेल्या रोलचेही रंग बिघडू शकतात. रोल बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढा आणि तोवर पुडी फोडू नका, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. इन्स्टॅक्सची शिफारस ५ ते ४० अंशांची आहे, म्हणजे मे महिन्यात भरदुपारी तो घराबाहेर काढूच नये. त्याचा फोटो बाहेर आला की हलवू नका, सावलीत पालथा ठेवा.

काचेचं भिंग असलेला कॅमेरा कूलरच्या खोलीत उघडा ठेवू नका. त्या ओलाव्याने भिंगावर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात ती आणखी पसरते. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात.

धुण्याचंही तसंच. रंगीत रोलच्या डेव्हलपरला (रोल धुण्याच्या रसायनाला) सुमारे ३८ अंश लागतात, ब्लॅक अँड व्हाइटला साधारण २०. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच हात पोळतं, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट रोल आम्ही पहाटे, बाटल्या बर्फाच्या टबात ठेवून धुतो. त्यामुळे त्या दिवसांत दोन-तीन दिवस जास्त लागतील.

रोल संपला की कागदाचं टोक सुटेपर्यंत चावी फिरवा, सावलीत उघडा, गुंडाळी घट्ट धरून पट्टी चिकटवा. वर पेनाने महिना लिहून आणा. एप्रिल ते जूनचे रोल आम्ही सगळ्यांत आधी धुवायला घेतो.