चौसष्ट ठोकळ्यांचा तास: शाळेच्या संगणक कक्षात आभासी जग

आभासी जग म्हटले की डोळ्यांवर चढवायची यंत्रे आठवतात. चाळीस मुलांच्या वर्गाला ती लागत नाहीत. आम्ही संगणक कक्षात लुआंटी बसवून देतो. ठोकळे रचून त्रिमितीय जग उभारायचे हे सॉफ्टवेअर पडद्यावरच चालते. २०२४ पर्यंत ते माइनटेस्ट या नावाने ओळखले जाई. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. आम्ही पैसे घेतो ते बसवणीचे आणि शिक्षकांच्या सरावाचे. एक संगणक सर्व्हर होतो, म्हणजे सगळ्यांचे जग त्यावर चालते, आणि बाकीचे त्याला जोडले जातात. इंटरनेट फक्त बसवताना लागते.

पहिली तासिका नुसते चालायला आणि ठोकळा ठेवायला द्या. शिकवणे दुसऱ्या तासिकेपासून. सातवी-आठवीसाठी आमची पहिली पसंती या पाठाला: प्रत्येकाने ६४ ठोकळ्यांची इष्टिकाचिती बांधायची आणि ती बाहेरून रंगवायला किती चौरस लागतील ते मोजायचे. घनफळ सगळ्यांचे ६४. पृष्ठफळ मात्र ४×४×४ ला ९६, २×४×८ ला ११२, १×८×८ ला १६०, आणि एका सरळ रांगेला तब्बल २५८. फळ्यावर हे आकडे शेजारी-शेजारी आले की मुले आपणहून कारण शोधू लागतात.

इथे एक चूक हमखास होते. जमिनीला टेकलेली बाजू दिसत नाही, म्हणून मुले ती मोजत नाहीत. आडवी ठेवलेली १×८×८ ची लादी अशी मोजली तर ९६ येतात, म्हणजे नेमके घनाचे पृष्ठफळ! उत्तर ओळखीचे वाटते आणि चूक लपून राहते. उपाय सोपा आहे. दोन-तीन ठोकळ्यांचा खांब उभारून त्यावर बांधा, मग खांब काढून टाका. दगडाचे ठोकळे अधांतरी राहतात. वाळू आणि खडी मात्र कोसळते, ती वापरू नका. मुलांना ‘फ्लाय’ची परवानगी दिलीत, तर के हे बटण दाबून उडत खालची बाजूही पाहता येते.

सर्व्हर सुरू आहे, पण मुलांचे संगणक जोडले जात नाहीत? बहुतेक वेळा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी संगणकाची सुरक्षा, आडवी येते. तिच्या सेटिंगमध्ये पोर्ट (जोडणीचा क्रमांकित मार्ग) ३०००० यूडीपीसाठी उघडा. यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती; टीसीपीसाठी उघडून उपयोग नाही. सगळीकडे आवृत्ती एकच ठेवा. वायफायपेक्षा केबल बरी, कारण काही राउटर एका संगणकाला दुसरा दिसूच देत नाहीत. खेळाडूच्या नावात देवनागरी चालत नाही, म्हणून इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक रोमन अक्षरांत व आकड्यांत लिहून नावे द्या.

या जगातला दिवस २० मिनिटांत संपतो आणि ऐन तासिकेत अंधार पडतो. दुपारची वेळ लावून सर्व्हरच्या सेटिंगमधला ‘टाइम स्पीड’ (वेळेचा वेग) ७२ वरून ० करा. संगणक जुने असतील तर दृश्य अंतर, म्हणजे किती लांबचे दिसावे ते, ५० ठोकळ्यांच्या आसपास आणा. सूचना देताना मुलांची ‘इंटरॅक्ट’ परवानगी काढून घ्या. ठोकळे फोडता आले नाहीत की लक्ष तुमच्याकडे येते.

तास संपल्यावर आधी सर्व्हर बंद करा, मगच जगाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. चालू सर्व्हरवर घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.