सिकलसेलमधील पानथरी व पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात दोन अवयवांवर शस्त्रक्रियेची वेळ वारंवार येते : पानथरी (प्लीहा) आणि पित्ताशय. त्या केव्हा कराव्यात, रुग्णाला त्यासाठी कसे तयार करावे, यावर जगात बरेच संशोधन झाले आहे. मात्र त्यातले बहुतेक आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आहे. विदर्भातल्या रुग्णाची पानथरी तशी वागत नाही. या विषयाची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

भारतात हा विकार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांना तो मध्य भारतातही आढळला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि मेळघाट या पट्ट्यात गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्याबरोबर बौद्ध, तेली, कुणबी अशा बिगर-आदिवासी समाजांतही तो आहे. तेव्हा ‘जंगलातला आजार’ ही समजूत चुकीची.

आफ्रिकी वंशाच्या मुलांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पानथरीच्या बारीक वाहिन्या पुनःपुन्हा तुंबवतात आणि साधारण पाचव्या वर्षापर्यंत ती सुकून निकामी होते. भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून पानथरी उशिरापर्यंत शाबूत राहते, वाढत जाते आणि तरुणपणीही हाताला लागते. ओडिशा आणि जमैका (बहुतेक आफ्रिकी वंशाची वस्ती असलेले कॅरिबियन बेट) येथील रुग्णांची तुलना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हा फरक स्पष्ट दिसला. त्यावरून ‘भारतातला सिकल सौम्य’ असे म्हटले जाऊ लागले. पण नागपूरच्या बालरुग्णांवरील अभ्यासांत तीव्र आजाराची मुलेही पुष्कळ आढळली. त्या विधानावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

मोठ्या पानथरीचा सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे तिच्यात एकाएकी रक्त साठणे. काही तासांत मूल पांढरेफटक पडते, पोटाची डावी बाजू ताठरते, हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते. अशा वेळी रक्त थोडे थोडे देतात, कारण अडकलेले रक्त पुढे परत रक्ताभिसरणात येते आणि रक्त घट्ट होण्याचा धोका असतो. जमैकात पालकांना पानथरी चाचपायला शिकवले, तेव्हा या प्रसंगातले मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. कृती अवघड नाही. मुलाला उताणे झोपवून गुडघे दुमडायचे, बोटे बेंबीकडून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. मूल श्वास आत घेते तेव्हा एक कडक, गोलसर कड बोटांवर येऊन टेकते. काल दोन बोटे होती ती आज चार बोटे झाली, की दवाखाना गाठायचा. आशाताई हे घरोघरी शिकवू शकते, आणि शिकवले पाहिजे. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा होती. त्या पोटावर आईचा हात फिरणे केव्हाही बरे.

असा प्रसंग एकदा जिवावर बेतला किंवा पुनःपुन्हा आला, पानथरी रक्तपेशी अतोनात नष्ट करू लागली, किंवा तिच्यात पू झाला, तर ती काढतात. मात्र रक्त साठण्याच्या प्रसंगानंतर पानथरी काढणे बरे की वाट पाहणे बरे, याची यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेली) चाचणी कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढावाकारांना एकही मिळाली नाही. म्हणजे निर्णय अजून अनुभवावरच चालतो, आणि तो अनुभवही बराचसा दुसऱ्या भूभागातला.

पित्ताशयाचे गणित वेगळे आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची जेमतेम १० ते २० दिवस. फुटलेल्या पेशींतून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य पित्तात साचते आणि खडे बनतात. काढलेली पिशवी ट्रेमध्ये उघडली की काळे, ठिसूळ, जळक्या तिळासारखे खडे दिसतात. घरच्यांचे म्हणणे ठरलेले असते, ‘डोळे तर याचे नेहमीच पिवळे’, आणि खडा पित्तनलिकेत उतरल्यावरची कावीळ त्यातच लपते. शौच पांढरट होणे, अंगाला खाज, हुडहुडी भरून ताप ही खूण ओळखली तर वेळ वाचते. नलिकेतला खडा आधी तोंडातून दुर्बीण घालून काढतात, मग पिशवी. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली.

शस्त्रक्रियेआधी रक्त द्यावे का, याचे उत्तर मात्र चाचणीतून मिळाले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व कॅनडातील चाचणीत रक्त न दिलेल्या ३३ पैकी १३ जणांना गुंतागुंत झाली, रक्त दिलेल्या ३४ पैकी ५ जणांना. गंभीर प्रसंगांपैकी बहुतेक छातीच्या तीव्र विकाराचे, म्हणजे फुप्फुसांवर एकाएकी आघात होण्याचे होते. फरक इतका, की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. रक्ताबरोबर ऊब, सलाइन आणि ऑक्सिजन यांची काळजी तितकीच महत्त्वाची : भूल दिलेला रुग्ण गारठला, की पेशी वाकतात.

पानथरी गेल्यावर न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. म्हणून लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी देतात, नंतर लहान मुलांना पेनिसिलिन चालू ठेवतात. गडचिरोलीत त्यात मलेरियाची भर. तो इथे पानथरी वाढवणारे दुसरे कारणही आहे, आणि पानथरी नसलेल्या माणसात अधिक उग्र होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडच्या रुग्णाला सुटी देताना मच्छरदाणी, प्रतिजैविकाच्या गोळ्या, त्या केव्हा घ्यायच्या हे लिहिलेला मराठीतला कागद आणि घरी माडिया बोलणाऱ्यांसाठी तोंडी समजावणे, एवढे पावसाळ्याआधी हातात पडावे लागते.