चिनी गोद्यांत रिग का साचल्या?

२०१४ नंतर काही वर्षं चीनच्या किनाऱ्यावरच्या गोद्यांत नव्याकोऱ्या जॅक-अप रिग (समुद्रात तेलविहिरी खणणारे, तळावर पाय टेकून उभे राहणारे तराफे) उंच पाय वर काढून नुसत्या उभ्या होत्या. बांधून तयार, पण न्यायला कोणी येईना. याचं खापर बहुतेक वेळा तेलाच्या कोसळलेल्या भावावर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

चीनमधली आधुनिक जहाजबांधणी शांघायच्या १८६५ च्या जियांगनान कारखान्याइतकी जुनी, पण आजच्या कथेची सुरुवात १९८२ मध्ये होते. त्या वर्षी जहाजबांधणीचं सरकारी मंत्रालय मोडून त्याचं महामंडळ झालं. नौदलाची कामं आटली होती, हजारो कामगारांच्या हातांना काम हवं होतं. चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते तंग श्याओपिंग यांचा आग्रह निर्यातीचा होता. पहिला आधार मिळाला हाँगकाँगच्या जहाजमालकांचा: पाओ घराण्याच्या कंपनीसाठी दालियानच्या गोदीने २७,००० टनी 'चांगचेंग' हे मालवाहू जहाज बांधून दिलं. गोदी रिकामी ठेवायची नाही, नफ्याचं नंतर बघू, ही सवय तेव्हापासूनची.

रिगचा इतिहास याहून कडवट आहे. दालियानमध्ये देशी 'बोहाई-१' १९७२ मध्ये तयार झाली. 'बोहाई-२' मात्र जपानकडून घेतलेली. (आपली 'सागर सम्राट'ही जपानीच. तिनेच १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल शोधलं.) २५ नोव्हेंबर १९७९ रोजी वादळात ओढून नेताना 'बोहाई-२' बुडाली, ७४ पैकी ७२ जण गेले. प्रकरण काही महिने दाबून ठेवलं गेलं. १९८० मध्ये वृत्तपत्रांनी ते उघड केलं, तेव्हा पेट्रोलियम मंत्री सुंग चनमिंग यांना पद सोडावं लागलं. त्या काळच्या चीनमध्ये हे फारच विरळा होतं.

पुढची कलाटणी २००८ ची. जागतिक मंदीत मालवाहू जहाजांच्या नव्या मागण्या थांबल्या, तेलाचा भाव मात्र लवकरच सावरून शंभर डॉलरच्या पुढे गेला. सरकारने सागरी तेल-सामग्रीला प्राधान्याच्या उद्योगांत बसवलं आणि गोद्यांनी रिगकडे मोर्चा वळवला. हा धंदा सिंगापूरच्या केपेल आणि सेम्बकॉर्प या कंपन्यांच्या हातात होता. तो ओढून घ्यायला चिनी गोद्यांनी पैशांच्या अटी सैल केल्या: करारावेळी पाच-दहा टक्के, कधी त्याहूनही कमी, आणि बाकी सगळी रक्कम ताबा घेताना. तेलकंपनीशी रिगच्या भाड्याचा करार हाती नसलेल्या, कधी रिग न चालवलेल्या सटोडियांनीही मग नोंदणी केली. भाव चढला तर विकून मोकळं, उतरला तर बयाणा सोडून पसार! जोखीम सगळी गोदीच्या आणि तिला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकांच्या गळ्यात. त्यात जगाला जहाजं हजारोंनी लागतात, रिग काहीशेच.

२०१४ च्या मध्याला ११० डॉलरवर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीखाली आलं आणि ग्राहक गायब झाले.

म्हणून चिनी कारागिरीला दोष देणं चुकीचं ठरेल. यांताईच्या रॅफल्स गोदीत २०,००० टन उचलणारी 'ताईसुन' क्रेन २००८ पासून आहे. शांघायच्या वायकाओछियाओ गोदीने ३,००० मीटर खोल पाण्यात चालणारी 'हाययांग शियो ९८१' ही रिग बांधली. चीन आणि व्हिएतनाम दोघेही हक्क सांगतात त्या पॅरासेल बेटांजवळ ती २०१४ मध्ये नेल्यावर व्हिएतनाममध्ये दंगली उसळल्या. यांताईच्याच 'ब्लू व्हेल-१' या रिगने २०१७ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या तळातल्या मिथेन हायड्रेटमधून (वायू अडकलेल्या बर्फासारख्या पदार्थातून) वायू काढून दाखवला. मात्र मूळ आराखडे आणि ड्रिलिंगची महागडी यंत्रं बरीचशी परदेशीच होती, त्यामुळे किमतीतला मोठा वाटा बाहेर जाई.

पडून राहिलेल्या रिगपैकी काही चीनच्याच सीओएसएल या सरकारी तेलसेवा कंपनीने भाड्याने घेतल्या, काही स्वस्तात विकल्या गेल्या, काही पुढे आखाती देशांत मागणी वाढल्यावर तिकडे रवाना झाल्या. दालियानची रिग बांधणारी कंपनी मात्र २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.