ब्रेक होते, पण लागले नाहीत: वॉर्सा १९९३ ची पार्श्वभूमी

विमान रनवे सोडून चिखलात गेलं की टीव्हीवर पहिली पट्टी ब्रेक फेलचीच झळकते. पण गाजलेल्या केसेसचे रिपोर्ट वाचले तर ब्रेक धडधाकट होते, फक्त वेळेवर लागले नाहीत, असं बऱ्याचदा निघतं. त्यातली सगळ्यात चघळली गेलेली केस म्हणजे १४ सप्टेंबर १९९३, पोलंडमधलं वॉर्सा, लुफ्थान्साचं एअरबस ए३२०.

आधीचं थोडक्यात. स्पॉयलर म्हणजे पंखावरच्या उभ्या होणाऱ्या फळ्या. ते उघडले की विमान उचलून धरणारी लिफ्ट मरते, वजन चाकांवर येतं आणि मगच ब्रेक पकडतो. पण हेच स्पॉयलर ५ जुलै १९७० ला टोरांटोत एका डीसी-८ विमानाचे जेमतेम ६० फुटांवर चुकून उघडले आणि १०९ जण गेले. अशा अपघातांनंतर टेकल्याशिवाय काही उघडताच कामा नये, हे डिझायनर लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

ए३२० मध्ये ही राखण कॉम्प्युटरकडे गेली. स्पॉयलरसाठी दोनपैकी एक अट, दोन्ही मेन गिअरवर, म्हणजे पंखांखालच्या चाकांच्या पायांवर, प्रत्येकी ६.३ टन दाब नाहीतर चाकं ७२ नॉटच्या (ताशी सुमारे १३३ किमी) वर फिरलेली, आणि रिव्हर्सला, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग मारायला, फक्त दाबाची. वॉर्साला विंडशिअरची, म्हणजे वारा अचानक बदलण्याची, सूचना होती म्हणून पायलटांनी स्पीड जास्त ठेवला, वारा उजवीकडून म्हणून विमान उजवीकडे थोडं कलतं धरलं, आणि वारा तोवर फिरून मागून यायला लागलेला. उजवा गिअर ७७० मीटरवर टेकला, डावा तब्बल ९ सेकंदांनी, १५२५ मीटरवर. मधल्या वेळात उजवी चाकं पाण्यावरून नुसती घसरतायत, धड फिरत नाहीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी विमान अजून हवेतच. स्पॉयलर नाही, रिव्हर्स नाही. चाकांचे ब्रेक तर डावा गिअर टेकल्यावरही आणखी सुमारे ४ सेकंदांनी लागले. रनवे २८०० मीटरचा, पुढे मातीचा बांध. ७० पैकी २ गेले, त्यात एक को-पायलट.

रिपोर्टचा भर पायलटांवर, की वारा बदलल्यावर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं, का केला नाही. ठीक आहे, पण मग लुफ्थान्साच्या विमानांसाठी नंतर ६.३ टनांचा आकडा २ टनांवर का आणला? लॉजिक बरोबरच होतं तर हात कशाला लावला? मला तरी दोष पायलटांच्या गळ्यात जरा जास्तच घातला असं वाटतं. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नाही म्हणा, १९९१ मध्ये थायलंडवर एका बोइंग ७६७ चा रिव्हर्सर हवेतच उघडला आणि २२३ जण गेले, तेव्हा अट ढिली करायची तर किती, हे ठरवणाऱ्याचेही हात थरथरणारच.

पुढे १७ जुलै २००७ ला ब्राझीलमधल्या साओ पाउलोत परत ए३२०, परत ओला रनवे, तोही नव्याने केलेला आणि पाणी जायला खाचाच नसलेला. एका इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे पॉवरचा दांडा, मागे आला नव्हता, म्हणून स्पॉयलर उघडलेच नाहीत. १९९ जण गेले.

आपल्याकडे जुलै २०१९ च्या पहिल्याच रात्री मुंबईत एक विमान मेन रनवे ओलांडून चिखलात रुतलं, ते काढेपर्यंत तो रनवे काही दिवस बंद आणि सगळा भार छोट्या रनवेवर. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला मागचा वारा, पाऊस आणि निम्मा रनवे मागे टाकून टेकलेलं विमान, २१ मृत्यू. तिथेही पहिल्या तासाभरात लोक ब्रेकच शोधत होते. नोव्हेंबर २०२१ पासून ओल्या रनवेची स्थिती ६ ते ० अशा कोडमध्ये पायलटला सांगायची जागतिक पद्धत लागू झाली, ‘ब्रेकिंग मीडियम’ असं मोघम ऐकून उतरण्यापेक्षा हे बरं.